बिनफटीचं कुंपण

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. ती का आणि कधीपासून, या भानगडीत कुणी पडत नाही. विजेची काहीतरी वाटणी होती म्हणतात. त्यामुळे लग्नं, बारशी, शाळेतली संमेलनं असं जे जे जगात रविवारी होतं ते आमचं कायम चुकत आलं. बायको अजून म्हणते की तुम्ही माझ्या माहेरच्या एकाही कार्याला वेळेवर आला नाहीत, आणि ते खरं आहे. पण त्याच्या बदल्यात आम्हाला गुरुवारची सकाळ मिळायची. बाकीचे नोकरदार कामाला गेलेले, पोरं शाळेत, आणि रहाटणीच्या मागचं नाल्याकाठचं मैदान आमच्या एकट्यांचं.

तिथे आम्ही बेसबॉल खेळायचो.

हसू नका. म्हणजे हसा, सगळेच हसतात. क्रिकेट सोडून हे कुठून काढलं, असं मला इतक्यांनी विचारलं आहे की मी उत्तर द्यायचंच बंद केलं होतं. इथे एकदाच देतो. आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांचं हे डोकं. कबड्डीत वरपर्यंत पोचायचं तर हाडं मोडून घ्यावी लागतात, कारण गल्लीगल्लीत संघ. बेसबॉलचे संघच मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चार सामने जिंकले की राज्यपातळी, आणि राज्यपातळी गाठली की दहावीला खेळाचे वाढीव गुण. सरांनी आम्हाला नियम पुस्तकात बघून शिकवले. त्यांनी स्वतः हा खेळ कुणाला खेळताना पाहिला होता की नाही, याची मला शंका आहे. मी गणितात पास झालो तो बेसबॉलमुळे. गुण मिळाले की खेळ सोडायचा असा सगळ्यांचा बेत होता. पण आम्ही कामाला लागलो, कुणी भोसरीला, कुणी चाकणला, आणि दर बुधवारी संध्याकाळी कुणीतरी कुणाला तरी फोन करायचंच. असं करत पंधराएक वर्षं गेली.

सामान आमचं आम्हीच केलेलं. चाकणला बाहेरून मोठी मशिनं येतात ती जाड लाकडी खोक्यांतून. त्या खोक्यांच्या फळ्या चिकटवून, लेथवर धरून बॅटी काढायच्या. दोन महिन्यांत मोडायच्या, पण फळ्यांना तोटा नव्हता. बॅटवाल्यामागे चेंडू धरणाऱ्या कॅचरच्या छातीला गाडीच्या सीटचा फोम. धावताना थांबायचे बेस म्हणजे गाडीत पायाखाली टाकतात ते रबरी मॅट, कंपनीने नापास केलेले. एकूण आमचा सगळा खेळच नापास मालावर चालला होता, पण चालला होता.

बघायला येणारे ठरलेले पंधरा-वीस जण. दुसऱ्या शिफ्टला जाणारे, निवृत्त झालेले, नाल्यापलीकडच्या चाळीतल्या दोन-तीन बाया भाजी निवडायला घेऊन. आणि अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. तरुणपणी लातूरकडून आले आणि पिंपरीतल्या एका कारखान्यात ग्राइंडिंगच्या मशीनवर त्यांनी जन्म काढला. त्यांची तपासायची एक रीत होती. घासून सपाट केलेल्या तुकड्यावर सरळ पट्टी उभी धरायची, दोन्ही उचलून ट्यूबलाइटसमोर न्यायचं, एक डोळा मिटायचा आणि पट्टीखालून उजेड येतो का बघायचं. केसाएवढीही फट असली तरी उजेड येतो. उजेड दिसला की माल नापास. ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येणारा माणूस तो नव्हे. आईने बाजारातून नवा पोळपाट आणला तर अण्णांनी त्यावर माझी शाळेची पट्टी ठेवून खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, “मधी खोलगट हाय. वापस कर.” आई म्हणाली, “पोळ्या करायच्यात, विमान नाही उडवायचं.” पण पोळपाट परत गेला. दुकानदाराने आईला पुन्हा उधारीवर काही दिलं नाही.

मी याच माणसाचा मुलगा. शिकून तपासणीच्याच कामाला लागलो. चाकणला एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये मी आलेल्या-गेलेल्या मालाची तपासणी करतो. माझ्या हातात आज गेज आहेत, कॅलिपर आहेत, तरी शेवटी मीही एक डोळा मिटून उजेडच बघतो.

आई गेल्यापासून अण्णा घरात नुसते असायचे. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायचे. गुडघे गेलेले. दाढी वाढलेली. फक्त गुरुवारी सकाळी आरसा खिडकीत टेकवून ते दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, आणि माझ्याआधी तयार होऊन दारात उभे. मैदानाच्या नाल्याकडच्या बाजूला एक सुबाभूळ होती. तिच्याखाली रंगाचा रिकामा डबा उलटा घातलेला असायचा, ती त्यांची जागा. तिथून तिसरा बेस आणि जिथे धावून परत यायचं ती जागा, दोन्ही नीट दिसायचं. त्या शेवटच्या जागेला अण्णा घर म्हणायचे. खेळाचे बाकीचे नियम त्यांना कधी कळले नाहीत, कळून घ्यायचेही नव्हते. एवढंच कळत होतं की पोरगं घरून निघतं, तीन ठिकाणी थांबतं आणि घरी येतं. कुणी आला की डब्यावरून अर्धे उठायचे आणि ओरडायचे, “आला, आला, घरी आला गडी!” कुठल्याही बाजूचा असो. गुरुवारचे ते दोन-तीन तास माझ्या बापाला बाप म्हणून ओळखता यायचं. बाकीचे सहा दिवस मी एका थकलेल्या पाहुण्याला सांभाळत होतो, हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

अंपायर मामा. मामा म्हणजे गावातले जुने म्हातारे. सगळेच त्यांना मामा म्हणतात. मैदानाची जमीन मुळात त्यांच्या भावकीची. खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं आणि जमीन गेली. मोबदल्याची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही, आम्ही विचारली नाही. अंपायर का झालात म्हटलं तर म्हणायचे, “माझ्या वावरात मी म्हनंन तो न्याय.” त्यांनी बाद दिलं की बाद.

मग एका गुरुवारी आम्ही आलो तर मैदानाच्या तोंडाशी फ्लेक्स. त्यावर हिरवंगार चित्र, आत गोल स्टेडियम, वर हात जोडलेले आठ-दहा चेहरे. अद्ययावत बेसबॉल व बहुउद्देशीय क्रीडा संकुल. आम्ही बराच वेळ त्या चित्राखाली उभे राहिलो. आमच्या खेळाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

पाठोपाठ एक गृहस्थ आले. पांढरे कपडे, मागे दोन मोटारसायकली. बोलायला फार गोड. सुबाभळीखाली सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं की सरकारी निधी येणार आहे, पण तो यायला लोकांची मागणी दिसली पाहिजे. निवेदन त्यांनी टाइप करून आणलं होतं, आम्ही फक्त सह्या गोळा करायच्या. “नाल्याच्या बाजूचा स्टँड लोकल पब्लिकला कायम फुकट. आणि गुरुवारी ग्राउंड तुमचं. तुमच्यामुळे तर हे सगळं होतंय,” ते म्हणाले. अण्णांकडे बघून म्हणाले, “काकांना तर पहिल्या रांगेत खुर्ची.”

मामांनी विचारलं, “हे समदं त्या कागदात हाय का?”

“मामा, कागद सरकारी असतो. त्यात एवढं बारीकसारीक नाही घालत.”

“आमची जमीन घेतली तवा बी बारीकसारीक न्हाई घातलं,” मामा म्हणाले, आणि त्यांनी सही केली नाही.

अण्णांनी केली. पहिली सही त्यांची. एवढंच नाही, सह्यांचा कागद त्यांनी स्वतःकडे मागून घेतला आणि आठवडाभर त्या गुडघ्यांनी आमच्या भागातल्या इमारतींचे जिने चढले. लोकांना सांगायचे, “आपल्या घरपट्टीतनं व्हायलंय. आपलंच हाय. सही करा.” मी म्हटलं, “अण्णा, मामा म्हणतात त्यात तथ्य आहे.” तर माझ्यावरच चिडले. “एवढा मोठा मानूस समद्यांसमोर तोंडानं बोलायलाय, अन् तुला कागद पाहिजे?” आमच्यात बोलला शब्द मोडला की माणूस तोंड दाखवत नाही, असा त्यांचा हिशेब. ती माणसं मुळात तोंड दाखवायला परत येतच नाहीत, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

आणि मी? मी ते निवेदन वाचलं होतं. ‘सदर भूखंडावर अद्ययावत क्रीडा संकुल उभारण्यात यावे, ही नम्र विनंती.’ एवढंच होतं त्यात. जे ड्रॉइंगवर नाही ते मालात येत नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. तरी सही केली. अण्णा आठ दिवस रोज दाढी करत होते, त्यांना नाही कोण म्हणणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आम्ही असं रांग लावून केलं.

पावसाळा संपल्यावर मैदानाला पत्रे लागले आणि आत खोदकाम सुरू झालं. आम्ही पुनावळ्याला एक मोकळा प्लॉट शोधला. अण्णांना दोनदा मोटारसायकलवर बसवून नेलं. तिसऱ्यांदा गेलो तर तिथे लोखंडी सळ्या उभ्या आणि वॉचमन. मग कुणाची शिफ्ट बदलली, कुणी घर बदललं, कुणाची पाठ दुखायला लागली. फोन कमी झाले. “स्टेडियम झालं की बघू,” असं सगळे म्हणायला लागले. अण्णा मात्र गुरुवारी दाढी करून बांधकामाकडे एक फेरी मारून यायचे आणि किती वर आलं ते सांगायचे.

त्याच सुमारास आमच्या वर्कशॉपला एक काम आलं. ड्रॉइंग माझ्या टेबलावर पडलं आणि कोपऱ्यातलं नाव वाचून माझे हात थांबले. आमचंच स्टेडियम. त्याच्या बाहेरच्या कुंपणाचे पॅनल आम्ही बनवायचे होते: उंच लोखंडी चौकट, त्यावर पत्रा, आणि एक पॅनल दुसऱ्याला असा भिडायचा की मध्ये फट राहता कामा नये.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांना इतका आनंद झालेला मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले, “आपल्या पोराच्या हातचं हाय बरं का.” मला म्हणाले, “चोख करा. आपल्या घरचं काम समजून करा.” मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ओव्हरटाइमला मी कधी एवढ्या खुशीने थांबलो नाही.

निम्मे पॅनल गेले आणि मग एक लॉट बिघडून आला. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकटी ओढल्या गेल्या होत्या. दोन पॅनल शेजारी उभे केले तर मध्ये वरून खालपर्यंत फट, बोट जाईल एवढी. मी सगळा लॉट बाजूला काढायला लावला. शेठ, म्हणजे आमचे मालक, धावत आले.

“राव, कुंपण आहे ते. गाडीचा दरवाजा नाही. चालतंय.”

“नाही चालत. ड्रॉइंग बघा.”

“अरे, नाल्याकडच्या बाजूचे पॅनल आहेत हे. तिकडे रस्ता नाही, काही नाही. कोण येतंय बघायला?”

त्यावर मी जे बोललो ते अजून शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे. मी म्हणालो, “शेठ, उद्या फुकटे लोक त्या फटीला डोळा लावून उभे राहतील. मग नाव कुणाचं जाईल?”

शेठनी लॉट परत वेल्डिंगला पाठवला. चौकटी कापून पुन्हा जोडल्या. मी प्रत्येक जोड उभा करून घेतला, पलीकडे दिवा धरायला लावला आणि अलीकडून एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत बघितलं. कुठे उजेड नाही. मग खालच्या कोपऱ्यात माझ्या पिवळ्या मार्करने बरोबरची खूण केली. घरी येऊन हेही मी अण्णांना सांगितलं, फुशारकीने. शेठला कसं ऐकवलं तेही सांगितलं. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नाल्याची बाजू म्हणजे सुबाभळीची बाजू, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं; त्याचा अभिमानच वाटला. आपल्या माणसाची खुर्ची जिथे येणार तिथलं कुंपण आपण चोख केलं, असं मी समजत होतो. बाहेर आणि आत असा विचार डोक्यात आलाच नाही, कारण आपण आत असणार हे धरूनच चाललो होतो.

उद्घाटनाला पास होते. पास कुठे मिळतात ते विचारेपर्यंत संपले होते. ठीक आहे, उद्घाटन पुढाऱ्यांचं असतं, असं म्हणून अण्णांनीच माझी समजूत काढली. पुढच्या आठवड्यात गेटवर नियमांचा बोर्ड लागला. संकुल चालवायला एका खाजगी संस्थेकडे दिलेलं. सामन्यांचं तिकीट मोबाइलवरून. मैदान हवं असेल तर संघाची नोंदणी, तीही मोबाइलवरून. नाल्याच्या बाजूचा स्टँड निमंत्रितांसाठी राखीव. आणि शेवटची ओळ: दर गुरुवारी देखभालीसाठी बंद.

ती ओळ मी दोनदा वाचली. अण्णांना चष्म्यातून वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावर म्हणाले, “चुकून लिवलं असंल. आत जाऊन सांग त्यांना.”

मी रजा टाकून संस्थेच्या ऑफिसात गेलो. खिडकीत एक तरुण मुलगी होती, अत्यंत नम्र. तिच्यावर चिडायला मला काही कारणच तिने दिलं नाही, याचा जास्त राग आला. आम्ही इथे पंधरा वर्षं खेळलो, आमच्या सह्यांवर हे उभं राहिलं, असं सगळं मी सांगितलं. तिने जुनी कागदपत्रं काढायला लावली. थोड्या वेळाने निवेदनाची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली. अनुक्रमांक एकवर अण्णांची सही, ग्राइंडिंगवाल्या जाड बोटांनी केलेली, ओळीच्या बाहेर गेलेली.

“सर, तुमची मागणी क्रीडा संकुल व्हावं अशी आहे. ते झालेलं आहे,” ती म्हणाली. “बाकी यात काही लिहिलेलं नाही.”

पांढरे कपडेवाल्या गृहस्थांचा फोन लागत होता, ते उचलत नव्हते. एकदा उचलला, मीटिंगमध्ये आहे म्हणाले. मामांना भेटलो तर त्यांनी माझ्याकडे बघून हसायचं टाळलं, एवढा त्यांचा मोठेपणा. “कुंपनानंच शेत खाल्लं, दुसरं काय,” म्हणाले. “आता आमी काय न् तुमी काय, बाहीरलेच की.”

मी अण्णांना म्हटलं, “एक रविवारचं तिकीट काढतो. मी सुट्टी टाकतो, तुम्हाला घेऊन जातो.” पैशांचा प्रश्न नव्हता, एकदा-दोनदा परवडलं असतं. अण्णांनी मान हलवली. “आपल्याच जागेत तिकीट काढून बसायचं? मी पयली सही केलीय तिथं. त्यांनी बोलवलं तर जाईन.” त्यांना अजून वाटत होतं की कुणीतरी बोलवायला येईल. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा त्या वेळी खूप राग आला होता. जगाला शब्दाचा माणूस लागत नाही हे इतक्या वर्षांत कारखान्याने यांना कसं शिकवलं नाही, असं वाटलं. मग लक्षात आलं की मलाही नाही शिकवलं.

त्यानंतरचा गुरुवार. मी जरा उशिरा उठलो, तर अण्णा घरात नव्हते. आरसा खिडकीत टेकवलेला, दाढीची वाटी धुतलेली, ब्रश ओला. मी चप्पल घालून निघालो. कुठे असतील ते माहीत होतं.

बंद म्हणजे आमच्यासाठी बंद होतं. आत फी भरलेल्या मुलांचा सराव चालला होता. शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि मधूनच बॅटला चेंडू लागल्याचा तो कोरडा आवाज, आमच्या खोक्याच्या बॅटींपेक्षा कितीतरी गोड. मी कुंपणाला वळसा घालून नाल्याच्या बाजूला, आतला स्टँड जिथे संपतो तिथे आलो. सुबाभूळ तोडलेली. तिथे अण्णा होते, इस्त्रीच्या शर्टात.

ते कुंपणाला लागून हळूहळू चालले होते. एका पॅनलच्या जोडापाशी थांबायचे, तळहात पत्र्याला टेकवायचे, एक डोळा मिटायचे आणि दुसरा जोडाला लावून वरून खाली बघत जायचे. खाली वाकताना गुडघा धरायचे. मग सरळ होऊन पुढच्या जोडाकडे. मला आधी वाटलं, माझं काम तपासतायत. क्षणभर बरंसुद्धा वाटलं. आत कुणीतरी जोरात चेंडू मारला, पोरं ओरडली, आणि अण्णांनी घाईघाईने तोंड पत्र्याला टेकवलं, डोळा जोडात खुपसल्यासारखा लावला. तेव्हा मला कळलं की ते काय शोधतायत.

किती पॅनल बघून झाले होते कुणास ठाऊक. कपाळाला आणि गालाला, ताज्या दाढीवर, पत्र्याची धूळ लागली होती. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी वळून पाहिलं.

“आत खेळायलेत,” म्हणाले.

“हो, अण्णा.”

“कुठंच उजेड न्हाई रे.” खाली कोपऱ्यात माझी पिवळी खूण होती, तिच्याकडे त्यांनी बोट केलं. “हे समदे तूच पास केलास न्हवं?”

मी मान हलवली.

“चांगलं केलंस,” ते म्हणाले. आणि मग इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं, “एखादं तरी राहू द्यायचं होतंस.”

ज्या माणसाने पोळपाट परत पाठवला होता तो हे बोलत होता. मला तिथे उभं राहवेना. शेठला ऐकवलेलं ते वाक्य माझ्या कानात वाजत होतं. फुकटे लोक फटीला डोळा लावून उभे राहतील. मी म्हणालो, “अण्णा, मी उद्या ड्रिल घेऊन येतो. एक भोक पाडू. इथे कोण येतंय बघायला?”

तर त्यांचा चेहरा एकदम पूर्वीचा झाला, मशीनवरच्या माणसाचा. “झालेल्या मालाला हात लावायचा न्हाई,” म्हणाले. “चोख माल हाय. खराब करतोस का?” त्यांनी तळहाताने पत्र्यावरची स्वतःच्या कपाळाची खूण पुसली आणि माझा दंड धरून चालायला लागले. वाटेत त्यांना दोनदा थांबावं लागलं. मागे पुन्हा तो आवाज आला, पोरं ओरडली, कुणीतरी घरी आलं असणार. अण्णांनी मागे पाहिलं नाही.

मी अजून त्याच वर्कशॉपमध्ये आहे. शेठ मला आता मान देतात. त्या कामावरून आणखी दोन ठिकाणच्या कुंपणांची कामं आली. लॉट येतात, मी तपासतो, पलीकडे दिवा धरायला लावतो. मला दुसरं काही येत नाही.

कुंपणापासून अण्णांना घरी आणलं त्याच्या पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम लवकर उठलो. अण्णा खाटेवर बसले होते, बनियनवर, पांढरे खुंट वाढलेले, बंद टीव्हीकडे तोंड करून. आरसा खिळ्यालाच लटकलेला. मी विचारलं, “अण्णा, दाढी नाही करायची?”

“काहून?” ते म्हणाले. “आज काय हाय?”

मी म्हणालो, काही नाही.